यंत्राचे मधले वय

छत्रपती संभाजीनगरचे, म्हणजे २०२३ पर्यंतच्या औरंगाबादचे चित्र म्हणून जे काही छापले जाते, त्यात वेरूळ-अजिंठा असतो, बीबी का मकबरा असतो, भडकल दरवाजा असतो आणि पाणचक्कीचा हौद असतो. गेली साठ वर्षे ज्या कारखान्यांनी या शहराला पोसले, त्यांतले एकही यंत्र त्यात नसते. जुन्या कॉम्प्रेसरांची आणि तत्सम यंत्रांची छायाचित्रे काढत आम्ही काही महिने इथल्या औद्योगिक वसाहतींतून हिंडलो, तेव्हा ही उणीव प्रथम आमच्या ध्यानात आली. प्रस्तुत लेख या उणिवेच्या इतिहासाविषयी आहे.

इथे कॅमेरा उशिरा आला, म्हणून असे झाले असावे अशी कोणाची समजूत असल्यास ती खरी नव्हे. कॅमेरा या जिल्ह्यात फार लवकर आला. मद्रास लष्करातील अधिकारी रॉबर्ट गिल यांची १८४४ मध्ये अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी नेमणूक झाली. त्यांनी वर्षानुवर्षे राबून केलेल्या या प्रतिकृती लंडनजवळ सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या, आणि १८६६ च्या आगीत त्यांतील बहुतेक जळून गेल्या. दरम्यान गिल यांनी कॅमेराही हाती धरला होता. जेम्स फर्ग्युसन यांच्या मजकुरासह १८६४ मध्ये लंडनला निघालेल्या, भारतातील शैलमंदिरांवरील ग्रंथात त्यांची चौऱ्याहत्तर छायाचित्रे आहेत. पुढे १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी यांनी तेच काम नव्याने केले. त्यांच्याही पुष्कळ प्रतिकृती १८८५ मध्ये लंडनमध्येच आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या. रंगवलेली प्रत एकच असते, छायाचित्राच्या प्रती अनेक निघतात. म्हणून चित्रे गेली आणि छायाचित्रे उरली. नष्ट होऊ घातलेल्या वस्तूचे छायाचित्र काढून ठेवावे, हा धडा या जिल्ह्याइतका महाग पडून क्वचितच कोणी शिकला असेल. तो धडा दगड आणि रंग यांच्यापुरताच राहिला, लोखंडापर्यंत पोहोचला नाही.

लोखंड काही फार मागून आले नाही. १८८९ मध्ये औरंगाबाद शहरात सूतकताईची आणि विणकामाची गिरणी उभी राहिली. तिच्यात सातशेपर्यंत माणसे कामाला होती. १९०० मध्ये हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वे सुरू झाली आणि तिच्या मागोमाग कापसाचे कारखाने आले. एकट्या जालन्यात नऊ जिनिंग कारखाने आणि पाच प्रेस, औरंगाबाद आणि कन्नड येथे मिळून दोन जिनिंग, शिवाय औरंगाबादला एक तेलाचा घाणा-कारखाना. जिनिंग आणि प्रेस मिळून १९०१ मध्ये १,०१६ माणसे काम करीत होती. आकडे असे काटेकोर टिपलेले आहेत. त्याच काळात निजामाच्या राज्यात राजा दीनदयाळ यांच्यासारखा श्रेष्ठ छायाचित्रकार वावरत होता. कॅमेरा होता, यंत्रेही होती, पण दोघांची गाठ क्वचितच पडली. एक हजार सोळा माणसे मोजली गेली, आणि ती कशासमोर उभी राहून दिवस काढीत होती ते पाहण्याची सोय मात्र आपल्याला राहिली नाही.

याचे एक कारण सरळ व्यवहाराचे आहे. लेणे उचलून नेता येत नाही, आणि नेले तरी त्याचा भाव किलोवर ठरत नाही. यंत्राचा ठरतो. यंत्र थांबले त्या दिवसापासून ते यंत्र नसते, अमुक टन बीड आणि अमुक किलो तांबे असते. त्यातही आधी जाते ती पितळी पाटी. कारखान्याचे नाव, यंत्राचा क्रमांक, बनवल्याचे साल, फेऱ्यांची गती, दाबाची मर्यादा, इतके सगळे तिच्यावर कोरलेले असते. पितळेला बिडापेक्षा दर अधिक, म्हणून ती पहिल्यांदा निघते. देह जाण्याआधी यंत्राचे नाव जाते. कायद्याचाही इथे आधार नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात विज्ञान आणि कारागिरी यांची साक्ष देणाऱ्या वस्तूंचा समावेश आहे, परंतु वस्तू किमान शंभर वर्षांची असावी लागते. तीस-चाळीस वर्षे राबून भट्टीत जाणाऱ्या यंत्राने शंभरी गाठावी कशी? टिकून राहिले तर त्याचे रक्षण होईल, आणि टिकावे यासाठी मात्र कोणी रक्षण करणार नाही, असा हा पेच आहे.

या शहरातील एकाच यंत्राला या पेचातून सुटका मिळाली, ते म्हणजे पाणचक्की. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारातली ही चक्की अठराव्या शतकातली. हर्सूलच्या बाजूने मातीच्या नळांतून आणलेले पाणी उंच भिंतीवर चढवायचे, तेथून खाली सोडायचे, त्याच्या माऱ्याने खालचे पात्यांचे चाक फिरवायचे आणि चाकाच्या दांड्याने वरची जात्याची तळी फिरवायची. फकिरांसाठी आणि यात्रेकरूंसाठी पीठ निघायचे. ही सरळसरळ यांत्रिकी आहे. तरी पाणचक्कीची जी हजारो छायाचित्रे निघतात, ती बहुतेक हौदाची, त्यात पडणाऱ्या धारेची आणि वडाच्या झाडाची असतात. पाते, दांडा आणि तळी यांचा संबंध दाखवील असे छायाचित्र शोधू गेल्यास हाती फार थोडे लागते. यंत्र टिकले ते दर्ग्याच्या पुण्याईने, आणि छायाचित्रात आले ते पाण्याच्या शोभेने. यंत्र म्हणून त्याच्याकडे पाहणारे तिथेही कमीच.

आता कॉम्प्रेसरकडे वळू. हवा दाबून साठवायची आणि ती सुटताना तिच्याकडून काम करून घ्यायचे, एवढेच या यंत्राचे तत्त्व आहे. या कल्पनेने जगाचा विश्वास मिळवला तो आल्प्स पर्वतात. फ्रान्स आणि इटली यांना जोडणारा फ्रेझ्यूसचा रेल्वे बोगदा १८५७ मध्ये खणायला घेतला, तेव्हा हाताने काम केल्यास पंचवीस वर्षे लागतील असा हिशोब होता. जर्मां सोमेये या अभियंत्याने दाबलेल्या हवेवर चालणारी छिद्रणयंत्रे लावली आणि १८७१ मध्ये बोगदा खुला झाला. गंमतीची गोष्ट अशी, की ती हवा दाबण्यासाठी त्याने डोंगरातून कोसळणारे पाणी वापरले होते. पाणचक्कीच्या धारेचा हा दूरचा भाऊबंदच म्हणावा.

महाराष्ट्रात हे यंत्र बनवण्याची परंपराही आता जुनी झाली आहे. लोखंडी नांगरापासून सुरुवात करून १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवणाऱ्या किर्लोस्करांनी १९५८ मध्ये पुण्यात न्यूमॅटिक कंपनी काढली. १९६२ मध्ये राज्याचे औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. त्यानंतर औरंगाबादेत रेल्वे स्टेशनजवळ आणि चिकलठाण्याला वसाहती झाल्या, मग वाळूज झाले. १९८५ मध्ये तेथे बजाजचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या भोवती सुटे भाग पुरवणाऱ्या लहान कारखान्यांचे रान माजले. या प्रत्येक शेडच्या मागल्या अंगाला पत्र्याच्या आडोशाखाली एक कॉम्प्रेसर असायचा. रंगाची फवारणी, घडवलेल्या तुकड्यावरचा कीस उडवणे, पकड आवळणे, नट पिळणे, सगळ्यांना हवा लागे. तो बंद पडला की शेड बंद.

या जुन्या यंत्राचा एक मोठा गुण असा, की ते स्वतःचे काम लपवत नाही. मोटरीवरून पट्टा मोठ्या चाकावर जातो, चाक दट्ट्यांना खालीवर करते, झडपा उघडतात आणि मिटतात, हवा टाकीत जाते. शेजारी शेजारी दोन नळकांडी असतात, एक मोठे आणि एक लहान. असे का? हवा एका दमात सात किलोच्या दाबापर्यंत दाबली तर ती दोनशे अंश सेल्सिअसच्या वर तापू पाहते. म्हणून मोठ्या नळकांड्यात ती अर्धवट दाबायची, मधल्या पंखेरी नळीत थंड करायची, आणि आकसलेली हवा लहान नळकांड्यात पुन्हा दाबायची. चाकाच्या आऱ्यांना पंख्याच्या पात्यांचा पीळ दिलेला असतो, तो त्या नळीवर वारा घालण्यासाठी. योग्य बाजूने घेतलेल्या एका छायाचित्रात हा सगळा युक्तिवाद वाचता येतो. त्याची जागा घेणारा स्क्रू कॉम्प्रेसर अधिक शांत, अधिक काटकसरी आणि सलग कामाला अधिक चांगला. त्याच्या मूळ कल्पनेचे पेटंट १८७८ चे असले तरी तो व्यवहारात उतरला १९३० नंतर. मात्र तो पत्र्याच्या कपाटात बसवलेला असतो. त्याचे छायाचित्र काढले तर कपाटाचे छायाचित्र येते. यंत्राने आपले अंतरंग झाकून घेण्याआधीची ही शेवटची पिढी भंगारात निघालेली असताना तिची नोंद व्हावी, इतकाच आमचा मूळ हेतू होता.

चिकलठाण्याच्या एका लहान कारखान्याच्या मागे असे एक यंत्र उतरवून ठेवले होते. पाटी गेलेली, पट्टा नाही, चाकावर गंजाचे पापुद्रे. सकाळचे तिरके ऊन त्यावर असे पडले होते की आम्ही तास-दीड तास तिथेच रेंगाळलो. एक वयस्क मिस्त्री चहाचा पेला घेऊन आले, जरा वेळ पाहत राहिले, आणि म्हणाले, "गंजलेलं काय काढता साहेब? चालू होतं तेव्हा यायचं होतं."

या वाक्याने आम्हांस आमच्या कामाकडे नव्याने पाहावे लागले. यंत्रांच्या छायाचित्रांचा आजवरचा इतिहास चाळला तर त्यांचे दोन ढीग पडतात. पहिला ढीग जन्माचा. यंत्र नवे असते, रंग ओला वाटावा इतका ताजा असतो, मागे पांढरा पडदा असतो. ते विक्रीच्या पुस्तिकेसाठी किंवा कंपनीच्या वार्षिक अहवालासाठी काढलेले असते. स्वातंत्र्यानंतरच्या उद्योगांची अशी छायाचित्रे मुंबईच्या मित्तर बेदींनी ज्या तोलाने काढली, तो तोल मोठाच आहे. परंतु ती नवलाईची छायाचित्रे आहेत आणि त्यांचा धनी उद्योगपती आहे.

दुसरा ढीग मृत्यूचा. जर्मनीतील बेर्न्ड आणि हिला बेशर या दांपत्याने १९५९ पासून खाणींचे मनोरे, पाण्याच्या टाक्या, झोतभट्ट्या यांची छायाचित्रे काढली. ढगाळ आभाळ, समोरून घेतलेला कोन, एकाच जातीच्या नऊ-बारा वास्तू एका चौकटीत. १९७० च्या त्यांच्या पुस्तकाने या बांधकामांना निनावी शिल्पे म्हटले, आणि १९९० मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिकात त्यांना पारितोषिक मिळाले ते चक्क शिल्पकलेचे. डॉर्टमुंडजवळच्या झोलर्न खाणीचे यंत्रगृह १९६९ मध्ये पाडले जाणार होते. ज्यांच्या धडपडीमुळे ते वाचले त्यांत हे दांपत्यही होते. त्यांच्या कामाविषयी आमच्या मनात आदरच आहे. त्यांच्या चित्रांत माणूस नाही, हा आक्षेपही जुनाच आहे, आणि त्याला उत्तर असे की आकारांची तुलना करायची तर इतर सर्व वगळावे लागते. मात्र त्यांच्या मागून जगभर जी गंजाची छायाचित्रे निघाली, त्यांत तुलना राहिली नाही, नुसता गंज राहिला. गंज देखणा असतो हे आम्हीही त्या सकाळी अनुभवले. पण तो यंत्राविषयी काही सांगत नाही. ते किती दिवस पावसात पडून आहे तेवढेच सांगतो.

मिस्त्रींनी विचारले ते या दोन ढिगांच्या मधल्या काळाविषयी. जन्म एका दिवसाचा आणि मृत्यू एका दिवसाचा, मधली तीस वर्षे यंत्र चालते. त्या वर्षांत त्याला कोणी ठिगळ लावले, कोणती झडप घरी बनवली, कोणाचा हात कुठे पडून रंग उडाला, हे सगळे घडते. इतिहास म्हणावा तो तिथेच आहे, आणि नेमकी तिथलीच छायाचित्रे नाहीत.

ती नसण्याला छायाचित्रणाच्या अडचणीही कारण आहेत. शेड अंधारी असते आणि तिची खिडकी लख्ख; काळ्या तेलकट बिडासाठी उजेड साधावा तर खिडकी पांढरी फटक होते. फ्लॅश मारला तर तेलाची झाक चकाकते आणि घडण हरवते. तिकाटणे लावून वेळ द्यावा तर खालची फरशी हादरत असते. सर्वांत अवघड म्हणजे गती. झटकन टिपले तर फिरते चाक थिजते, चालू यंत्रही बंद असल्यासारखे दिसते. सावकाश टिपले तर चाकाचे धुके होते आणि आऱ्यांचा पीळ दिसत नाही. आम्ही शेवटी दोन्ही काढून शेजारी ठेवू लागलो. लुईस हाइन यांचे १९२० चे प्रसिद्ध छायाचित्र, हाती भला मोठा पाना घेऊन वाफेच्या पंपाशी वाकलेल्या कामगाराचे, तेही मांडून घेतलेले आहे, घडताना टिपलेले नाही. आणि आज मोठ्या कारखान्यांच्या फाटकावर मोबाइल ठेवून आत जावे लागते, तेव्हा परवानगीचा प्रश्न वेगळाच.

असे असूनही मधल्या वयाची छायाचित्रे आहेत. ती कुठे आहेत हेही मिस्त्रींनीच दाखवले. दुसऱ्या खेपेस गेलो तेव्हा त्यांनी घरून एक प्रत आणली होती. खंडेनवमीचे छायाचित्र. वर्षातून एक दिवस यंत्र थांबवतात, पुसतात, हळद-कुंकू लावतात, झेंडूची माळ घालतात, नारळ फोडतात, आणि पूजा झाली की सगळे त्याच्याभोवती उभे राहून फोटो काढून घेतात. या प्रतीच्या कोपऱ्यात कॅमेऱ्याने छापलेली नारिंगी तारीख होती, १९९७ मधली. यंत्र तेच, आम्ही गंजलेले पाहिलेले. त्याभोवती सात माणसे. त्या दिवशीचे नवे सदरे, कोणाच्या कपाळावरचा टिळा ओघळलेला, आणि पितळी पाटी आपल्या जागी, माळेतून अर्धी दिसणारी.

आम्ही त्या चित्राकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहू लागलो. यंत्राचा रंग तेव्हा हिरवा होता. पुढे तो राखाडी झाला. मागे खिडकी होती, तिथे आता भिंत आहे. पाटीच्या उघड्या भागावरून बनवल्याचे साल वाचता आले. आणि पट्ट्यावर जाळी नव्हती. जाळी कधी बसली, असे आम्ही विचारले. मिस्त्रींनी डाव्या हाताची अर्धी उरलेली करंगळी वर केली आणि साल सांगितले. १९९७ नंतरचे दुसरे. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, तारखा लावून देणाऱ्या माणसाची नेमकी सावधगिरी होती. सातांपैकी कोण कुठे गेले तेही त्यांनी बोट ठेवून सांगितले: एक गावी शेतीकडे, एक शेंद्र्याला, दोघे वारले, एकाची खबर नाही.

आमच्या दीड तासाच्या उन्हाच्या छायाचित्रात यातले काहीही नव्हते. फोटो कोणी काढला, हे मिस्त्रींना आठवत नाही. मालकाचा पुतण्या असावा म्हणतात. चौकट तिरकी आहे, एकाचे डोके अर्धे कापले गेले आहे. पण यंत्र चालते होते तेव्हाचे ते आहे आणि ज्यांनी ते चालवले ते त्यात आहेत. पूजेसाठी थांबलेले यंत्र हे बंद यंत्र नव्हे. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा सुरू होणार असते. उद्योगपतीची पुस्तिका आणि कलावंताचा गंज, या दोहोंच्या मधली ही जागा कामगारांनी स्वतःच भरून ठेवली होती. घराघरांतल्या प्लॅस्टिकच्या अल्बमांत आणि पेट्यांच्या तळाशी या शहराचा औद्योगिक इतिहास असा पडून आहे, आणि तो कोणी मागितलेला नाही एवढेच.

तेव्हापासून आम्ही कामाचा क्रम बदलला. यंत्र आढळले की प्रथम त्यावर काम केलेला माणूस शोधतो आणि खंडेनवमीचा, दसऱ्याचा किंवा विश्वकर्मा दिनाचा फोटो आहे का ते विचारतो. असला तर त्याच्यासमोर बसून डावीकडून उजवीकडे नावे लिहून घेतो, ती जपून ठेवतो आणि परवानगीवाचून कुठे छापत नाही. मग यंत्राची छायाचित्रे काढतो: समोरून, चाकाच्या बाजूने, पायाच्या बोल्टांची, पाटी असल्यास तिच्यावर बाजूने विजेरी धरून, आणि प्रत्येक वेळी शेजारी फूटपट्टी ठेवून. ऊन तिरके असले तर चांगले, नसले तरी थांबत नाही.

मिस्त्रींच्या त्या प्रतीची आम्ही चांगली नक्कल करून घेतली आणि मूळ प्रत त्यांना परत केली. परत देताना तिच्या मागे सात नावे लिहावीत का, असे विचारले. त्यांनी पेन मागून घेतले आणि स्वतःच लिहिली. सातव्या नावापाशी थोडे थांबले, मग खाली आठवी ओळ लिहिली: यंत्राचा क्रमांक. तो त्यांना तोंडपाठ होता.